हलक्या फोम ठोकळ्यांचा भराव सरकण्यापासून कोण रोखते?

खाडीकाठ
नमस्कार. खाडीच्या मऊ चिकणमातीवर उभ्या राहणाऱ्या एका पुलाच्या जोडरस्त्याचा आराखडा सध्या माझ्याकडे आहे. भरावाची उंची ६ मीटर आणि रुंदी १० मीटर आहे. मुरमाचा भराव केला, तर खालच्या मातीवर दर चौरस मीटरला सुमारे ११५ किलोन्यूटन भार येतो आणि तेवढा भार ती माती सोसणार नाही. म्हणून ईपीएस जिओफोमचे, म्हणजे प्रसरण पावलेल्या पॉलिस्टायरीनचे ठोकळे रचण्याचा पर्याय आम्ही तपासत आहोत. या ठोकळ्यांची घनता दर घनमीटरला २० किलोच्या आसपास असते, त्यामुळे ६ मीटर उंचीच्या थप्पीचा भार दर चौरस मीटरला जेमतेम १.२ किलोन्यूटन भरतो. वर काँक्रीटची पाटी आणि रस्त्याचे थर मिळून २० किलोन्यूटन धरले आहेत.

दाबाची गणिते जमली आहेत. माझे अडते ते कर्तनापाशी, म्हणजे एक थर दुसऱ्यावरून सरकण्याच्या प्रश्नापाशी. हे ठोकळे नुसते एकावर एक ठेवलेले असतात, त्यांच्यात चुना नाही, सिमेंट नाही आणि सळईही नाही. तपासणी करणाऱ्या वरिष्ठांचा आग्रह आहे की प्रत्येक थरात दोन्ही बाजूंना दाते असलेल्या पत्र्याच्या चकत्या घालाव्यात. पुरवठादार म्हणतो की त्यांची गरज नाही. मला दोघांपैकी कोणाचेही म्हणणे नुसत्या शब्दावर स्वीकारायचे नाही. प्रत्यक्ष काम केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

एकवीट
आमच्या इमारतीत सगळ्या भिंती फोमच्या ठोकळ्यांच्या आहेत आणि त्या मसाल्याने जोडलेल्या आहेत. मग भरावात सांध्यांमध्ये मसाला का घालत नाहीत?

खाडीकाठ
आपण म्हणता ते बहुधा एएसी ठोकळे असावेत. ते वाफेच्या दाबाखाली पक्के केलेले सच्छिद्र काँक्रीट असते आणि त्याची घनता ६०० किलोच्या आसपास भरते. माझा प्रश्न ज्या पदार्थाबद्दल आहे, तो आपल्या रोजच्या बोलण्यातला थर्माकोलच आहे. फक्त त्याची घनता आणि ताकद ठरावीक प्रतीची असते आणि ती तपासून घेतलेली असते.

मुरूमखाण
ताई, मी आराखडे करणारा नव्हे, जागेवर उभा राहणारा माणूस आहे. एका कामात हे ठोकळे रचले होते, म्हणून अनुभव सांगतो. अडीच मीटर लांब, १ मीटर रुंद आणि अर्धा मीटर जाड ठोकळा दोन गडी सहज उचलतात, कारण त्याचे वजन २५ किलोच भरते. हीच त्याची सोय आहे आणि हाच त्याचा धोकाही आहे. जून सुरू होताना एका दुपारी वारा सुटला आणि वरच्या थरातले मोकळे ठोकळे जागचे हलले. त्यानंतर दिवसाचे काम संपले की आम्ही वाळूची पोती मांडू लागलो आणि पुढच्या थरांना दातेरी चकत्याही लावल्या. बांधकाम चालू असताना ठोकळा जागेवर धरून ठेवायला चकती उपयोगी पडते, एवढे मी खात्रीने सांगतो. रस्ता पूर्ण झाल्यावर तिचे काम किती उरते, ते जाणकारांनी सांगावे.

फ्योर्ड
मी नॉर्वेत रस्त्यांच्या कामात आहे. या पदार्थाचा रस्त्याच्या भरावातला वापर १९७२ मध्ये इथेच सुरू झाला. ऑस्लोजवळच्या फ्लोम पुलाचा जोडरस्ता दर वर्षी २० ते ३० सेंटिमीटर खचत होता. खचला की वर भर टाकायची, भर टाकली की वजन वाढायचे आणि वजन वाढले की तो आणखी खचायचा. शेवटी वरची १ मीटर भर काढून तिथे अर्ध्या अर्ध्या मीटरचे फोमचे दोन थर घातले आणि ते चक्र थांबले.

इथल्या पद्धतीत घर्षणावर मोठी भिस्त असते. एका थरातले ठोकळे रस्त्याच्या लांबीच्या दिशेने आणि त्यावरच्या थरातले आडवे, अशी रचना करतात, म्हणजे उभे सांधे सलग येत नाहीत. सगळ्यात वर १० ते १५ सेंटिमीटर जाडीची सळईची काँक्रीट पाटी ओततात. ही पाटी चाकांचा भार पसरवते आणि वरचा थर एकसंध धरून ठेवते. ताज्या काँक्रीटची फोमच्या पृष्ठभागावर पकड चांगली बसते, त्यामुळे तो सांधा सहसा दुबळा ठरत नाही. दुबळे असतात ते फोम आणि फोम यांच्यातले आडवे सांधे. त्यांचा घर्षणांक, म्हणजे घर्षण आणि वरून येणारा दाब यांचे गुणोत्तर, साधारण ०.५ ते ०.७ धरला जातो.

शिअरबॉक्स
खाडीकाठ ताई, मी अनेक वर्षे भूतंत्राची प्रयोगशाळा सांभाळली आहे. या विषयात दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या नाहीत की सगळा गोंधळ होतो.

पहिली गोष्ट म्हणजे ठोकळ्याच्या अंगची कर्तनशक्ती, अर्थात ठोकळा स्वतः फाटायला लागणारे बल. ती घनतेबरोबर वाढते आणि आपल्या कामात तिच्यावर क्वचितच वेळ येते. दुसरी गोष्ट म्हणजे दोन ठोकळ्यांच्या मधल्या सांध्याचा कर्तनरोध. हा जवळजवळ सगळा घर्षणाचा असतो आणि घर्षण वरून येणाऱ्या लंबदाबाच्या प्रमाणात मिळते. अमेरिकेत २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एनसीएचआरपी ५२९ या, तिथल्या महामार्ग संशोधन कार्यक्रमाच्या मार्गदर्शक अहवालाने सांध्याचा घर्षणकोन ३० अंश धरावा असे सुचवले आहे. त्याचा घर्षणांक ०.५८ येतो, म्हणजे फ्योर्ड यांनी सांगितलेल्या मर्यादेत बसतो.

आता मातीच्या भरावाशी तुलना करून पाहा. मातीत जसजसे खाली जावे, तसतसा लंबदाब वाढतो आणि त्याबरोबर घर्षणही वाढते. फोमच्या भरावात तसे होत नाही. आपल्या आकड्यांत सर्वांत वरच्या सांध्यावर २० किलोपास्कल, म्हणजे दर चौरस मीटरला २० किलोन्यूटन, दाब आहे आणि तळाच्या सांध्यावर २१.२. घर्षणांक ०.६ धरला, तर वर १२ किलोपास्कल रोध मिळतो आणि तळाशी १२.७. याचा अर्थ असा की ६ मीटर उंचीत जो काही कर्तनरोध आहे, तो सगळा त्या काँक्रीटच्या पाटीने आणि रस्त्याच्या थरांनी दिलेला आहे. फोमने स्वतःचे असे त्यात फारसे काही घातलेले नाही. आराखड्यातला प्रत्येक निर्णय घेताना हे डोळ्यांसमोर असू द्या.

नवखा
मी स्थापत्य अभियंता नाही, पण एक शंका विचारतो. महाराष्ट्रात २०१८ मध्ये थर्माकोलवर बंदी आली होती. मग रस्त्यात तो चालतो का?

खाडीकाठ
त्या बंदीचा रोख एकदा वापरून फेकायची ताटे, पेले आणि मखरासारख्या सजावटीच्या वस्तू यांवर होता. भरावातला फोम मातीखाली कायमचा राहतो. तरीही जागेवर कापताना पडणारे मणी खाडीत जाऊ नयेत, यासाठी आम्ही कामाच्या अटींत वेगळे कलम घालत आहोत. आपण आठवण करून दिलीत, हे बरे झाले.

सॉल्टलेक
मी युटात राहतो. इथे १९९७ ते २००१ या काळात, २००२ च्या हिवाळी ऑलिंपिकच्या आधी, आय-१५ महामार्गाची पुनर्बांधणी झाली आणि तीत सुमारे १ लाख घनमीटर जिओफोम वापरला गेला. या खोऱ्याखाली प्राचीन सरोवराच्या मऊ चिकणमातीचे जाड थर आहेत, त्यांत जुन्या जलवाहिन्या आणि वायुवाहिन्या होत्या आणि शेजारी वासॅच भ्रंश आहे. त्यामुळे भूकंपात हे उभ्या बाजूंचे भराव कसे वागतील, हा प्रश्न इथे कळीचा होता.

भूकंपाचे गणित पहिल्या नजरेला आश्वासक वाटते. हादऱ्यात बाजूला ढकलणारे बल वस्तुमानाच्या प्रमाणात असते आणि रोखणारे घर्षणही वजनाच्याच प्रमाणात असते, त्यामुळे वजन दोन्हीकडून कटते. घर्षणांक ०.६ असेल, तर गुरुत्वत्वरणाच्या ०.६ पट त्वरण येईपर्यंत थर सरकायला नको. मुंबई परिसर आयएस १८९३ या भूकंपविषयक भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत तिसऱ्या विभागात येतो आणि तिथला विभागांक, म्हणजे धरायच्या त्वरणाचे गुरुत्वत्वरणाशी प्रमाण, ०.१६ आहे. म्हणजे वरवर पाहता चौपटीच्या जवळ अंतर दिसते.

पण तिथे थांबू नका. खाली लवचीक थप्पी आणि डोक्यावर जड पाटी, अशी ही रचना आहे. ती जमिनीचे हादरे वर वाढवते. वाढ अडीच पट धरली, तर ०.१६ चे ०.४ होतात. शिवाय उभ्या दिशेचा हादरा वर उचलत असेल, त्या क्षणी लंबदाब घटतो. उभा घटक आडव्याच्या दोन तृतीयांश धरला, तर ०.६ चे ०.४४ उरतात. ०.४ ची गरज आणि ०.४४ ची क्षमता, एवढेच अंतर राहते. आराखड्यासाठी विभागांकाचा निम्मा भाग घेतात, त्यामुळे प्रत्यक्षात आपण याहून सुरक्षित असाल. तरीही पहिल्या नजरेचे आश्वासन किती झपाट्याने आटते, ते यावरून दिसावे.

इथल्या अभ्यासकांनी सुचवलेला उपाय सोपा आहे. काही ठरावीक उंचीवर एक ठोकळा असा बसवायचा की त्याचा निम्मा भाग खालच्या थरात आणि निम्मा वरच्या थरात राहील. त्याला शिअर की म्हणतात, आपण कर्तनखुंटी म्हणू. आडवा सांधा सलग राहत नाही आणि सरकायचे झाले तर आधी ती खुंटी फाटावी लागते. इथे शिअरबॉक्स सरांनी सांगितलेली पहिली शक्ती, ठोकळ्याच्या अंगची, कामी येते.

मुरूमखाण
खुंटी कागदावर सोपी आहे, जागेवर तिच्यासाठी ठोकळा नेमका कापावा लागतो. तापल्या तारेने कापला तरच कड सरळ येते. करवतीने कापला की कड खडबडीत होते आणि खाच सैल राहते. सैल खुंटी बसवणे आणि न बसवणे सारखेच, असे माझे मत आहे. कापायचे काम कारखान्यातच करून घ्यावे.

भरतीओहोटी
इथपर्यंत सगळ्यांनी भराव कोरडा धरला आहे. खाडीकाठ म्हटल्यावर मला पहिली आठवण पाण्याची होते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यात भरतीची भर पडली. अशा दिवशी भरावाच्या पायथ्याशी पाणी साचले, तर काय होईल, याचे गणित मी करून पाहिले.

भरावाच्या १ मीटर लांबीचे वजन काढू. वरचे थर २०० किलोन्यूटन आणि फोम १२, असे एकूण २१२ किलोन्यूटन. पाणी २ मीटर चढले, तर वर उचलणारे बल १९६ किलोन्यूटन होते. खाली टेकायला उरतात १६. कोरड्यात घर्षण १२७ किलोन्यूटन मिळत होते, ते आता १० वर येते. एकाच बाजूला २ मीटर पाणी असेल, तर त्याचा आडवा दाब १९.६ किलोन्यूटन येतो. म्हणजे भराव सरकलाच.

शिअरबॉक्स
भरतीओहोटी यांनी योग्य ठिकाणी बोट ठेवले आहे, पण शेवटच्या पायरीवर एक दुरुस्ती हवी. पाणी एकाच बाजूला २ मीटर असेल आणि दुसरी बाजू निचऱ्याने कोरडी असेल, तर तळाखालचा उचल दाब एका कडेला पूर्ण आणि दुसऱ्या कडेला शून्य, असा त्रिकोणी राहतो. मग उचल १९६ नसून ९८ होते, टेकायला ११४ किलोन्यूटन उरतात आणि घर्षण ६८ मिळते. १९.६ च्या आडव्या दाबापुढे ते साडेतीन पट आहे. पूर्ण उचल आणि पूर्ण आडवा दाब एकाच वेळी येत नाहीत.

मात्र यामुळे काळजी संपली, असे मी म्हणणार नाही. दोन्ही बाजूंना पाणी सारखे चढले की आडवा दाब परस्पर कटतो, पण घर्षणही जवळजवळ संपते. याच आकड्यांत पाणी २.१६ मीटरला पोहोचले की भराव तरंगू लागेल. त्याच्या काही सेंटिमीटर आधीपासूनच तो तळाच्या सांध्यावर इतका हलका टेकलेला असेल की वाहत्या पाण्याचा धक्काही त्याला पुरेल. तरंगण्याची तपासणी सगळे करतात. पण तरंगण्याच्या आधी घर्षण निघून जाते, आणि ही तपासणी मला अनेक आराखड्यांत वेगळी केलेली दिसत नाही.

भरतीओहोटी
दुरुस्ती मान्य आहे, सर. उचल दाबाचा आकार मी विचारात घेतला नव्हता.

सॉल्टलेक
यावरून माझ्या वरच्या उत्तरातही भर घालायला हवी. वजन दोन्हीकडून कटते, हे कोरड्या भरावापुरते खरे आहे. २ मीटर पाण्यात टेकणारे वजन १६ किलोन्यूटन राहते, पण हादऱ्यात हलणारे वस्तुमान २१२ चेच असते. मग सरकायला लागणारे त्वरण ०.६ वरून सुमारे ०.०४५ पटीवर येते. पूर आणि मोठा भूकंप एकाच दिवशी धरण्याची प्रथा नाही, हे मला माहीत आहे. परंतु खाडीत भरतीचे पाणी रोज येते, त्यामुळे नेहमीच्या भरतीची पातळी तरी भूकंपाच्या गणितात धरलीच पाहिजे.

फ्योर्ड
नॉर्वेत तरंगण्याच्या तपासणीत फोमची घनता मुद्दाम २० किलोच धरतात. खचण्याच्या तपासणीत मात्र पाण्याखालचा फोम दर घनमीटरला १०० किलोचा धरतात, कारण तो वर्षानुवर्षे थोडे पाणी शोषतो. दोन्ही ठिकाणी जो आकडा प्रतिकूल, तो घ्यायचा, हा त्यामागचा विचार आहे. फोमचा तळ शक्य तितका पुराच्या पातळीच्या वर ठेवावा आणि खालच्या टप्प्यात दुसरी भर वापरावी, असे मी सुचवेन.

खाडीकाठ
तळ वर उचलला तर खालच्या टप्प्यातली भर जड होते आणि मऊ मातीवरचा भार वाढतो. दीड मीटर मुरूम म्हणजे जवळपास २९ किलोपास्कल. आमच्या मातीला तेवढा भार पेलवेल, पण त्याआधी मातीतले पाणी बाहेर काढणाऱ्या उभ्या निचरापट्ट्या घालून काही महिने थांबावे लागेल. हा पर्याय मी गांभीर्याने तपासते.

आता चाचणीबद्दल विचारते. एका प्रयोगशाळेने आम्हाला सांध्याच्या कर्तनचाचणीचा अहवाल दिला आहे. तीत ५०, १०० आणि १५० किलोपास्कल लंबदाब वापरले आहेत आणि घर्षणकोन बराच चांगला आला आहे. तो मी वापरावा का?

शिअरबॉक्स
वापरू नका. मातीच्या चाचणीचे नेहमीचे दाब त्यांनी उचलून फोमला लावलेले दिसतात. आपला ठोकळा ईपीएस १९ या प्रतीचा असेल, तर एएसटीएम डी ६८१७ या जिओफोमच्या अमेरिकी मानकानुसार १ टक्का आकुंचनाला त्याची किमान दाबसहनता ४० किलोपास्कल आणि १० टक्क्यांना ११० किलोपास्कल असते. आराखड्यात आपण १ टक्क्याच्या आत राहतो. १५० किलोपास्कलला तो ठोकळा चेपलेला असतो, त्याचे दाणे एकमेकांत रुतलेले असतात आणि मिळालेला कोन आपल्या भरावाचा नसतो.

चाचणी १०, २० आणि ३० किलोपास्कलला करायला सांगा आणि कर्तनपेटी, म्हणजे जिच्यात नमुना दाबून सरकवून पाहतात ती पेटी, ३०० मिलिमीटरची वापरायला सांगा. ६० मिलिमीटरच्या पेटीत २० किलोपास्कल म्हणजे फक्त ७२ न्यूटन, साधारण सव्वासात किलो वजन. तिथे वरच्या झाकणाचे आणि भारपट्टीचे वजनच उत्तर बिघडवते. ३०० च्या पेटीत तोच दाब १८०० न्यूटनचा होतो आणि मोजमाप भरवशाचे येते. साच्यातून निघालेला गुळगुळीत पृष्ठभाग आणि तारेने कापलेला पृष्ठभाग यांच्या चाचण्या वेगवेगळ्या करा. कोरड्या, ओल्या आणि धूळ बसलेल्या सांध्याची चाचणीही घ्या. ठोकळे उन्हात पडून राहिले की वरचा थर पिवळा पडतो आणि त्याची भुकटी सुटते. ती झाडून काढल्याशिवाय पुढचा थर रचू देऊ नये.

मुरूमखाण
झाडून काढण्याची नोंद रोजच्या नोंदवहीत ठेवा. नोंद असली की काम होते, हा माझा अनुभव आहे.

फ्योर्ड
आणखी एक सांधा आहे, ज्याचे नाव अजून कोणी काढलेले नाही. पेट्रोल आणि डिझेल यांत हा फोम विरघळतो, म्हणून काही आराखड्यांत वरून संरक्षक प्लास्टिकपट घालतात. गुळगुळीत पट आणि फोम यांच्यातले घर्षण फोम आणि फोम यांच्यापेक्षा कमी असते. पट सपाट अंथरून त्यावर पाटी ओतली, तर भरावातला सगळ्यात निसरडा सांधा आपणच तयार केलेला असतो. पाटी सलग असेल, तर तीच बहुतेक वेळा पुरेसे संरक्षण देते. पट हवाच असेल, तर खरखरीत पृष्ठभागाचा घ्यावा आणि त्याचीही कर्तनचाचणी करावी.

नवखा
मग मूळ प्रश्नाचे काय झाले? चकत्या घालायच्या की नाही?

शिअरबॉक्स
स्थिर भारासाठी, कोरड्या भरावात, घर्षण पुरेसे आहे हे गणिताने दाखवता येत असेल, तर चकत्यांची गरज नसते. वर उल्लेख केलेला अहवालही तेच सांगतो. भूकंपात बल पुढे आणि मागे असे उलटसुलट होते. दाते फोममध्ये रुतलेले असतात, पहिल्या हेलकाव्यात ते भोक मोठे करतात आणि पुढच्या हेलकाव्यांत पकड सैल होते, म्हणून तिथे खुंटी बरी. पाण्यात उचल आली तर चकती वजन वाढवत नाही. गेलेले वजन परत आणायचे असेल, तर पाटी जाड करा, निचरा करा किंवा तळ वर घ्या. बांधकामाच्या काळात मात्र मुरूमखाण यांनी सांगितले त्या कारणासाठी त्या जरूर घाला.

खाडीकाठ
सर्वांचे मनापासून आभार. तपासणी करणाऱ्या वरिष्ठांशी आज बोलले. भरतीओहोटी आणि शिअरबॉक्स सर यांचे पाण्याचे गणित त्यांच्यापुढे ठेवले, तेव्हा त्यांनी स्वतःच चकत्यांचा मुद्दा बाजूला ठेवला आणि भरतीची कमाल पातळी विचारली. ठरले ते असे. फोमचा तळ दीड मीटर वर घ्यायचा, त्याखाली मुरूम आणि निचरापट्ट्या ठेवायच्या, दोन उंचीवर कारखान्यात कापलेल्या कर्तनखुंट्या बसवायच्या आणि चकत्या फक्त वाऱ्यासाठी वापरायच्या. सांध्याची चाचणी ३०० मिलिमीटरच्या पेटीत नव्याने करायला दिली आहे. तिचे आकडे आले की इथेच लिहीन.

भरतीओहोटी
ओल्या सांध्याच्या चाचणीत पाणी खाडीचेच वापरा, ताई. गाळासकट.